सँडविच मेकर नाही, एकच शेगडी आणि लोखंडी तवा. टोस्ट सँडविच कसं जमवायचं?

मांजलपूरचा भाडेकरू

नमस्कार मंडळी. मी मूळचा जळगावचा, नोकरीसाठी बडोद्यात आलोय. मांजलपूरला खोली घेतलीय आणि कारखाना मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आहे. सकाळची पाळी असली की सातच्या आत गेटवर पोचावं लागतं, म्हणून डब्यात सँडविच न्यायचं ठरवलंय. खोलीत छोट्या सिलिंडरवरची एक शेगडी, पोळ्यांचा लोखंडी तवा, चहाचं पातेलं आणि कुकर आहे. फ्रीज, मिक्सर काही नाही. घरमालकांनी विजेची मोठी उपकरणं लावायची नाहीत असं आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे इलेक्ट्रिक सँडविच मेकरचा प्रश्नच येत नाही.

तव्यावर करून बघतो, पण खालून काळं पडतं आणि आत बटाटा थंडच. चीज वितळत नाही. उलटताना काकडी-टोमॅटो बाहेर घसरतात. डबा उघडेपर्यंत तर सगळ्याचा लगदा झालेला असतो. फतेगंजला लारीवर, म्हणजे हातगाडीवर, मिळतं तसं, चावल्यावर कुर्रकन आवाज येणारं सँडविच एवढ्याशा सामानात होईल का?

गोत्रीकर

भाऊ, गॅसवर धरायचा चिमटा टोस्टर मिळतो, दोन पाती आणि लांब दांडा असलेला. वीज लागत नाही. मांडवीच्या बाजूला भांड्यांच्या दुकानांत विचारा. लारीवालेही तोच वापरतात.

मांजलपूरचा भाडेकरू

धन्यवाद. पुढच्या पगाराला बघतो. तोवर तव्यावरच काही होतंय का, ते शिकायचंय.

दांडिया बाजारच्या काकू

चिमटा टोस्टर चांगलाच असतो, पण तव्यावरचं सँडविच त्याच्यापेक्षा कमी नसतं हे मी ठामपणे सांगते. मी दांडिया बाजारातच लहानाची मोठी झाले, होमसायन्स इथल्याच सयाजीराव विद्यापीठात केलं, आणि घरात मशीन असूनही मुलांना आणि आता नातवंडांना तव्यावरचंच देते. मशीनच्या साच्यात भाजी दाबून भरता येत नाही आणि कडा अगदी चपट्या होऊन जातात. तव्यावर आच आपल्या हातात असते.

आधी एवढं समजून घे, म्हणजे बाकीचं आपोआप जमेल. ब्रेडला तांबूस रंग आणि खरपूस वास यायला त्याचा पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या पुढे तापावा लागतो. पाणी १०० अंशांनाच उकळतं. जोवर ब्रेड ओला आहे तोवर तव्याची सगळी आच त्यातलं पाणी उडवण्यात जाते आणि ब्रेड भाजण्याऐवजी वाफवला जातो. म्हणून लगदा. काळं पडण्याचं कारण वेगळं आहे. तू आच मोठी ठेवत असणार. ब्रेडमध्ये हवा भरलेली असते, त्यातून उष्णता सावकाश आत जाते. मोठ्या आचेवर बाहेरचा थर जळतो आणि बटाट्यापर्यंत ऊब पोचतच नाही. त्यातून बाहेरून बटर लावत असशील तर त्यातला दुधाचा अंश आधी करपतो. बाहेरून साजूक तूप लाव. त्यात तो अंश नसतो, त्यामुळे ते बरंच उशिरा जळतं. बटर आतल्या बाजूला लाव, आणि अगदी कडेपर्यंत, कोपरे धरून. आतलं बटर चवीपुरतं नसतं. स्निग्ध थर असला की चटणीचं आणि टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये मुरत नाही. लोक मधे एक बोट फिरवतात आणि कडा कोरड्या ठेवतात, तिथूनच ब्रेड भिजायला लागतो.

आता सारण. बटाटे रात्रीच सालासकट उकडून ठेव. सध्या थंडी आहे तोवर चालतं. सकाळी कुस्करून त्याच तव्यावर थोड्या तेलात जिरं, हिरवी मिरची, हळद घालून परत. तव्याला चिकटायला लागेपर्यंत परतायचं, म्हणजे पाणी उडालं असं समज. यात दोन कामं होतात, सारण कोरडं होतं आणि सँडविचमध्ये जाताना ते गरम असतं. आत थंड राहतं ही तुझी तक्रार तिथेच संपते. आणि तवाही तापलेला मिळतो.

काकडी-टोमॅटोला मीठ लावून ठेवू नकोस. मीठ पाणी ओढून बाहेर काढतं, पाच मिनिटांत ताटलीत तळं साचतं. टोमॅटोतल्या बिया आणि रस चमच्याने काढून टाक, नुसता गर घे. चकत्या स्वच्छ फडक्यावर टिपून घे. मीठ आणि सँडविच मसाला अगदी शेवटी, वरची स्लाइस ठेवायच्या आधी भुरभुरायचा. काकडी मी टोस्ट सँडविचमध्ये घालतच नाही. गरम काकडी मला आवडत नाही आणि पाणीही तिचंच जास्त सुटतं. सिमला मिरची आणि कांदा घाल, पण बारीक चिरून बटाट्यातच मिसळ. मग घसरायला काही उरत नाही.

चीज किसून घाल आणि दोन्ही स्लाइसना थोडं थोडं, मधे सारण. वितळलं की वरची आणि खालची बाजू सारणाला धरून ठेवते, उलटताना सुटत नाही. अख्खा तुकडा मधोमध ठेवलास तर तो वितळायच्या आधी ब्रेड जळेल.

ब्रेड कालचा घे. ताजा लुसलुशीत ब्रेड ओला असतो, दाबला की गोळा होतो.

आता तवा. पोळीचा तवा मधे थोडा खोलगट असतो. चौकोनी ब्रेडचे कोपरे टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. म्हणून सँडविच आधीच तिरकं कापून त्याचे दोन त्रिकोण कर आणि एकेक भाज. लहान तुकडा तव्याला नीट टेकतो, आणि उलटायलाही सोपा. तवा आधी मध्यम आचेवर तापव. पाण्याचा थेंब टाकून बघ. थेंब चुर्र करून जागच्या जागी आटला तर तवा तयार आहे. थेंबाची गोळी होऊन ती तव्यावर पळायला लागली तर तवा फार तापलाय, खाली उतरवून थोडा थांब. सँडविच ठेवलं की आच मंद, आणि ती शेवटपर्यंत मंदच.

आणि वजन. मशीन करतं काय, तर दोन्हीकडून आच देतं आणि दाबतं. दाबल्याशिवाय ब्रेड तव्याला सलग टेकत नाही आणि नुसते पट्टे भाजले जातात. खाखरे शेकताना दाबायचा लाकडी दट्ट्या असतो ना, तुझ्या घरमालकीणबाईंकडे असेल तर मागून बघ. त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. लाकूड तापत नाही, हाताला चटका बसत नाही.

दट्ट्या नसेल तर तुझ्याकडे चहाचं पातेलं आहेच. आधी त्यात चहाचं पाणी उकळ, एक तृतीयांशच भर, जास्त नाही. शेगडीवरून उतरवून बूड कोरडं पूस, त्याला तुपाचा हात लाव आणि तव्यावर सँडविच ठेवलं की हे उकळतं पातेलं हलकेच वर ठेव. सांडशीने धरून ठेवायचं, सोडून द्यायचं नाही. कलंडलं तर उकळतं पाणी अंगावर येईल. त्या पाण्याची ऊब वरच्या स्लाइसमधून चीजपर्यंत जाते. थंड पातेलं कधी ठेवू नकोस, ब्रेडमधून येणारी वाफ त्याच्या बुडाला लागून पाणी होते आणि वरची स्लाइस ओली करते. सुरुवातीला हलकं दाब. पहिल्याच झटक्याला जोर लावलास तर सारण बाजूने बाहेर येतं. मिनिटभराने ब्रेड जरा कडक झाला की मग जोर लाव.

खालून तीन-चार मिनिटं, उलटून दोन-तीन. शेवटी पातेलं काढ, आच किंचित वाढव आणि दोन्ही बाजू अर्धा अर्धा मिनिट उघड्यावर शेक. साठलेली वाफ निघून जाते आणि तुला हवा तो आवाज याच अर्ध्या मिनिटात येतो. घाई करून हे टाळलंस तर आधीची सगळी मेहनत वाया.

गोत्रीकर

काकू, आम्ही हॉस्टेलवर फॉइलमध्ये गुंडाळून इस्त्रीखाली दाबायचो. फॉइलला गरम इस्त्री, वरून जोर. पाच मिनिटांत तयार. याच्याकडे इस्त्री तर असेलच.

दांडिया बाजारच्या काकू

ते करू नका, आणि या मुलाला तर मुळीच सांगू नका. फॉइल चिरलं की तूप आणि चीज बाहेर येतं, पलंगावर नाहीतर वायरवर सांडतं. गाठ विजेशी आहे. शिवाय इस्त्री एकाच बाजूने तापते, म्हणजे उलटापालट करावीच लागते. मग तव्याने काय बिघडवलंय? भाड्याच्या खोलीत गादीवर ठेवून कोणी हे केलं आणि आग लागली तर त्यात दुसऱ्याचं घर जातं.

अलकापुरीकर ताई

माझ्याकडे इंडक्शन आहे, त्यावर करणाऱ्यांसाठी लिहिते. ॲल्युमिनियमचा तवा इंडक्शनवर तापतच नाही, लोखंडी तापतो पण बूड सपाट हवं. बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते बघून घ्या. आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापवत ठेवू नका, २६० अंशांच्या आसपास त्याचा लेप खराब व्हायला लागतो आणि इंडक्शनवर तो फार लवकर तापतो.

दुसरं म्हणजे, आमच्या मजल्यावर जैन कुटुंबं आहेत. मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालणारच, म्हणून मी बटाटा-कांद्याऐवजी कच्ची केळी उकडून घेते. कुकरला सालासकट दोन शिट्ट्या, मग किसून मिरची, लिंबू, कोथिंबीर. बटाट्यापेक्षा कोरडं सारण होतं, खरंच.

दांडिया बाजारच्या काकू

अलकापुरीकर ताई, अगदी बरोबर. कच्च्या केळ्याचं सारण तव्यावर परतायचीसुद्धा गरज पडत नाही. फक्त गार झालं की ते घट्ट आणि रवाळ होतं, म्हणून गरम असतानाच किसून मसाला मिसळा.

मांजलपूरचा भाडेकरू

काकू, रविवारी तुम्ही सांगितलं तसंच केलं. घरमालकीणबाईंनी दट्ट्या लगेच दिला आणि काय करतोय ते बघायला स्वतः वर आल्या. आवाज आला! आत गरम होतं, चीजही वितळलं होतं. त्यांनी वरून बारीक शेव घालून खाल्लं.

आता तीन अडचणी राहिल्या. मिक्सर नाही, त्यामुळे हिरवी चटणी विकत आणली तर ती पाणीदार असते. चीज ठेवायला फ्रीज नाही. आणि डब्यात नेलेलं अकरा वाजेपर्यंत पुन्हा मऊ पडलं. पूर्ण लगदा नाही झाला, पण आवाज गेला.

दांडिया बाजारच्या काकू

आवाज आला ना, मग बाकी सोपं आहे.

डब्याचं आधी सांगते. तू गरम सँडविच डब्यात भरून झाकण लावलंस, हो ना? वाफ आत कोंडते, झाकणाला लागून पाणी होते आणि पुन्हा सँडविचवर पडते. भाजल्यावर ताटलीत सपाट ठेवू नकोस. दोन उलथ्यांवर किंवा चाळणी पालथी घालून तिच्यावर उभं टेकव, म्हणजे खालूनही हवा लागते. तू आंघोळ करून तयार होईपर्यंत ते गार होतं. मग स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेव, फडकं उरलीसुरली वाफ शोषून घेतं. वर्तमानपत्रात नको. त्याची शाई तुपाला लगेच लागते, आणि ती पोटात जाणं चांगलं नाही. डब्यासाठी करशील तेव्हा नेहमीपेक्षा मिनिटभर जास्त भाज आणि टोमॅटो पूर्ण वगळ. तरी लारीवरच्या गरम सँडविचसारखं अकरा वाजता लागणार नाही, हे आधीच सांगते. पण खुसखुशीत राहील.

चीजचं असं की सुटी क्यूब मिळतात, खंडेराव मार्केटला भाजी घ्यायला गेलास की आजूबाजूच्या डेअरीत विचार. ज्या घरमालकीणबाई दट्ट्या देतात त्या फ्रीजमध्ये एक छोटी डबी ठेवायला नाही म्हणणार नाहीत. विचारून बघ. बाहेर मात्र ठेवू नकोस.

आणि चटणी. तू जळगावचा, आईने शेंगदाण्याची नाहीतर लसणाची सुकी चटणी बांधून दिली असेलच. तीच घाल. बटर लावलेल्या ब्रेडवर सुकी चटणी भुरभुरली की चिकटून बसते आणि पाण्याचा प्रश्नच येत नाही. मी तर म्हणेन डब्याच्या सँडविचला हिरव्या चटणीपेक्षा हीच चांगली. हिरवी हवीच असेल तर कोथिंबीर, मिरची, मीठ खलबत्त्यात कुट, त्यात मूठभर शेव किंवा भाजलेलं डाळं घालून पुन्हा कुट. शेव पाणी ओढून घेते आणि चटणी दाट होते. सध्या बाजारात लीलं लसण, म्हणजे पातीचा हिरवा लसूण, भरपूर आहे, दोन काड्या पातीसकट त्यातच कुट. उन्हाळ्यात ते मिळत नाही, म्हणून आत्ताच खाऊन घे.

उन्हाळ्याचं मात्र लक्षात ठेव. मे महिन्यात इथे पारा ४० च्या वर जातो. तेव्हा रात्रीचा उकडलेला बटाटा सकाळपर्यंत बाहेर ठेवायचा नाही आणि बटाट्याचं सँडविच डब्यात दुपारपर्यंत ठेवायचं नाही. तेव्हा नुसतं बटर, सुकी चटणी आणि सिमला मिरची.

खानदेशी बडोदेकर

उशिरा वाचलं. भाऊ, जळगावचे आहात आणि अजून कोणी भरताचं नाव कसं काढलं नाही? मी हिवाळ्यात भरिताचं टोस्ट सँडविच करतो. हिरवी मोठी भरिताची वांगी गावाहून येणाऱ्या कुणाकडून तरी मागवतो. भाजून, मिरची-लसूण-शेंगदाणे ठेचून, कांद्याची पात घालून. फक्त माझं प्रत्येक वेळी खालून ओलं होतं, काकू, त्याला काय करू?

मांजलपूरचा भाडेकरू

दादा, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही! आई पुढच्या आठवड्यात वांगी पाठवतेय.

दांडिया बाजारच्या काकू

भरीत छान लागेल, पण वांग्यात पाणी फार. भाजून साल काढलं की गर लगेच ठेचू नका. चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा, खाली वाटीभर काळसर पाणी जमेल, ते टाकून द्या. फोडणीत परतताना उलथन्याने तव्याचा तळ खरवडत राहा. उलथनं ओढल्यावर मागे रेघ राहिली पाहिजे. रेघ भरून येत असेल तर अजून पाणी आहे. शेंगदाण्याचा कूट नेहमीपेक्षा जास्त घाला, तो ओल धरून ठेवतो. कांद्याची पात गॅस बंद केल्यावर, नाहीतर तीही पाणी सोडते. चीज यात घालू नका, वांग्याच्या धुराचा वास त्याखाली दबतो. चीज नसल्यामुळे उलटताना सुटेल, तेव्हा वाटीने दाबून सँडविचच्या गोल चकत्या काढा, काठ दाबले जाऊन आपोआप बंद होतात. त्याला ब्रेड मात्र मऊ लागतो, कालचा नको, आजचाच घ्या. कापलेल्या कडा तव्यावर कडक करून कुटून ठेवा, कटलेटला उपयोगी पडतात.

खानदेशी बडोदेकर

वाटीची गोष्ट माहीत नव्हती. या रविवारी करतो. भाडेकरू भाऊ, वांगी आली की मलाही सांगा, मी माणेजालाच राहतो.